किरणोत्सारी ऱ्हासाचा हिशेब मांडताना या चुका टाळा

किरणोत्सारी ऱ्हासावरील, म्हणजे अस्थिर अणुकेंद्रके कण किंवा किरण बाहेर टाकून बदलतात त्यावरील, उदाहरणे बारावीपासून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत येत राहतात, आणि त्यांतील चुकाही त्याच त्या येत राहतात. नाशिकमध्ये भौतिकशास्त्र शिकवताना आणि उत्तरपत्रिका व जर्नल तपासताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. विद्यार्थ्याचा गुणाकार-भागाकार सहसा चुकत नाही. तो पहिली ओळ लिहीत नाही, आणि सगळे तिथेच बिघडते. आधी कोणते अणुकेंद्रक होते, नंतर कोणते राहिले, बाहेर काय काय पडले आणि सुटलेली ऊर्जा कोणाच्या वाट्याला किती गेली, एवढे कागदावर मांडल्याशिवाय सूत्राला हात लावू नये. ही ओळ वाचवून जो अर्धा मिनिट मिळतो, तो पुढे संपूर्ण उदाहरण चुकवून परत द्यावा लागतो.

इलेक्ट्रॉनचे वस्तुमान दोनदा वजा करणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो.

एका अंतर्गत परीक्षेत कार्बन-14 च्या बीटा ऱ्हासात (केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तो ऱ्हास) सुटणारी ऊर्जा काढायला सांगितली होती. वस्तुमाने दिलेली होती: कार्बन-14 चे 14.003242 आणि नायट्रोजन-14 चे 14.003074 अणुवस्तुमान एकके. वर्गातल्या एका हुशार मुलाने ही वजाबाकी केली, त्यातून इलेक्ट्रॉनचे 0.000549 एकक वस्तुमान आणखी वजा केले, वस्तुमानाची ऊर्जा एमईव्हीत (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये) मिळावी म्हणून 931.5 ने गुणले आणि उत्तर लिहिले: उणे 0.355 एमईव्ही. उत्तर ऋण आले म्हणून त्याने पुढे निष्कर्षही लिहिला की हा ऱ्हास आपोआप होऊ शकत नाही, सबब कार्बन-14 स्थिर आहे. त्याच पानावर, चार ओळी वर, कार्बन-14 चा अर्धायुकाल (निम्म्या अणूंचा ऱ्हास व्हायला लागणारा काळ) 5730 वर्षे असल्याचे त्यानेच लिहिलेले होते. पुढच्या उत्तरपत्रिका उघडत गेलो तसे तेच ऋण उत्तर पुन्हा पुन्हा दिसू लागले. चौकशी केल्यावर कळले की एका क्लासने वाटलेल्या सूत्रांच्या पानावर “बीटा-मायनस: इलेक्ट्रॉनचे वस्तुमान वजा करा” अशी ओळ होती, आणि ती सर्वांनी पाठ केली होती.

ती ओळ खोटी नाही, पण ती अणुकेंद्रकांच्या वस्तुमानांसाठी आहे. पाठ्यपुस्तकांच्या शेवटी दिलेल्या कोष्टकांत मात्र संपूर्ण अणूंची वस्तुमाने असतात, म्हणजे त्यांत इलेक्ट्रॉन आधीच मोजलेले असतात. कार्बनच्या अणूत सहा इलेक्ट्रॉन आहेत आणि नायट्रोजनच्या अणूत सात. ऱ्हासानंतर नायट्रोजनच्या केंद्रकाभोवती सहाच इलेक्ट्रॉन उरतात आणि सातव्याच्या जागी बाहेर पडलेला बीटा कण मोजला जातो. त्यामुळे दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रॉन आपोआप जुळतात आणि वेगळी वजाबाकी करण्याचे कारण उरत नाही. फरक 0.000168 एककाचा, म्हणून ऊर्जा सुमारे 0.156 एमईव्ही, कार्बन-14 मधून निघणाऱ्या बीटा कणांची कमाल ऊर्जा एवढीच असते.

पॉझिट्रॉन, म्हणजे धनभारित इलेक्ट्रॉन, बाहेर पडतो तेव्हा हाच हिशेब उलटा होतो, आणि ज्याने “अणुवस्तुमाने असतील तर काहीच वजा करायचे नाही” असे नवे पाठांतर केले आहे तो इथे फसतो. सोडियम-22 च्या अणूत अकरा इलेक्ट्रॉन, निऑन-22 च्या अणूत दहा. डावीकडून अकरा काढले. उजवीकडून दहा काढले आणि पॉझिट्रॉनपोटी एक मिळवला, म्हणजे उजवीकडे नऊच निघाले. दोन इलेक्ट्रॉनांच्या वस्तुमानाची तफावत राहिली, आणि ती 1.022 एमईव्ही आहे. अणुवस्तुमानांच्या फरकातून 2.843 एमईव्ही मिळतात, त्यांतून 1.022 वजा केल्यावर 1.821 उरतात. निऑनचे केंद्रक बहुतेक वेळा उत्तेजित अवस्थेत तयार होते आणि 1.275 एमईव्हीचा गॅमा किरण देऊन शांत होते. तोही वजा केला की 0.546 एमईव्ही राहतात. सोडियम-22 च्या पॉझिट्रॉनांची मोजलेली कमाल ऊर्जा हीच आहे. हिशेब नीट मांडला की तो निसर्गाशी दशांशापर्यंत असा जुळतो, आणि हा आनंद विद्यार्थ्याला एकदा मिळाला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट फुकट मिळते. अणुवस्तुमानांचा फरक 1.022 एमईव्हीपेक्षा कमी असेल, तर पॉझिट्रॉन बाहेर पडूच शकत नाही. केंद्रक जवळचा इलेक्ट्रॉन आत ओढून घेते. बेरिलियम-7 चे तसेच आहे. तिथे फरक केवळ 0.862 एमईव्ही असल्यामुळे इलेक्ट्रॉन ग्रहण हा एकच मार्ग उरतो.

माझी स्वतःची सवय अशी आहे की फळ्यावर समीकरण लिहिले की प्रत्येक चिन्हाखाली त्याच्या इलेक्ट्रॉनांची संख्या लहान अक्षरात लिहायची, आणि ती दोन्ही बाजूंना जुळेपर्यंत वस्तुमान हातात घ्यायचे नाही. बीटा-मायनस, बीटा-प्लस आणि इलेक्ट्रॉन ग्रहण यांची तीन वेगळी सूत्रे पाठ करणाऱ्यापेक्षा ही एक सवय लावून घेणारा विद्यार्थी जास्त टिकतो. सूत्रांची पाने वाटणाऱ्यांबद्दल माझे मत चांगले नाही. त्या पानांवर सूत्र असते, पण ते कुठे लागू होत नाही हे लिहिलेले नसते.

सगळी ऊर्जा एकाच कणाला देऊन टाकणे

रेडियम-226 मधून अल्फा कण (हेलियमचे केंद्रक) बाहेर पडून रेडॉन-222 तयार होतो तेव्हा एकूण 4.87 एमईव्ही ऊर्जा सुटते. अल्फा कणाची मोजलेली ऊर्जा मात्र 4.78 एमईव्ही असते. उरलेले सुमारे 0.09 एमईव्ही रेडॉनच्या केंद्रकाला मागे ढकलण्यात जातात, कारण संवेगाचा हिशेबही ऊर्जेइतकाच काटेकोर आहे. ही रक्कम लहान म्हणून सोडून देणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, आणि इथे रेडॉनला नव्वद हजारांच्या घरातील इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळत आहेत. खनिजाच्या कणाच्या पृष्ठभागाजवळ तयार झालेला रेडॉन बाहेर निसटतो त्यात या धक्क्याचा मोठा वाटा असतो.

बीटा ऱ्हासात ही चूक आणखी महागात पडते. कोष्टकात दिलेली बीटा ऊर्जा ही कमाल ऊर्जा असते. प्रत्येक बीटा कण तेवढी ऊर्जा घेऊन निघत नाही, आणि सरासरी साधारण कमाल ऊर्जेच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते. नमुन्यात किती उष्णता निर्माण होईल हे काढताना कमाल ऊर्जा वापरली, तर उत्तर तिप्पट येते. चॅडविकने 1914 मध्ये बीटा कणांच्या ऊर्जेचा सलग वर्णपट दाखवला, आणि 1927 मध्ये एलिस व वूस्टर यांनी बिस्मथ-210 चा नमुना उष्णतामापीत ठेवून मोजले तेव्हा दर ऱ्हासामागे केवळ 0.35 एमईव्हीच्या सुमारास ऊर्जा मिळाली. कमाल ऊर्जा तर 1 एमईव्हीहून अधिक होती. बाकीची ऊर्जा कुठे गेली या प्रश्नावर नील्स बोर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच सैल करायला तयार झाले होते. पाउलीने 1930 च्या डिसेंबरमध्ये पत्र लिहून सुचवले की विद्युतभार नसलेला आणि उपकरणाला न सापडणारा एक कण ती ऊर्जा घेऊन जातो. तो कण प्रत्यक्ष सापडायला 1956 उजाडले. राइनेस आणि कोवान यांनी तो अणुभट्टीजवळ पकडला. समीकरणाच्या शेवटी हा कण, म्हणजे प्रतिन्यूट्रिनो, लिहायला विसरणारा विद्यार्थी एक चिन्ह गाळतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो बीटा ऱ्हासातील निम्म्याहून अधिक ऊर्जा हिशेबातून गाळत असतो.

काही लहान चुका एकेका ओळीत सांगून पुढे जातो. गॅमा किरण बाहेर पडल्याने मूलद्रव्य बदलत नाही. अणुअंक आणि अणुवस्तुमानांक दोन्ही तेच राहतात. सीझियम-137 चा म्हणून प्रसिद्ध असलेला 0.662 एमईव्हीचा गॅमा किरण खरे तर त्याच्यापासून बनलेल्या उत्तेजित बेरियम-137 चा असतो, आणि त्या अवस्थेचा अर्धायुकाल सुमारे अडीच मिनिटे आहे, तीस वर्षे नव्हे. दोन अर्धायुकालांनंतर पदार्थ संपत नाही, पाव उरतो. अर्धायुकाल आणि सरासरी आयुष्य एक नव्हेत. सरासरी आयुष्य 1.44 पट मोठे असते. अर्धायुकाल मोठा म्हणजे पदार्थ अधिक तीव्र असे मानू नये, कारण अणूंची संख्या समान असेल तर मोठा अर्धायुकाल असलेल्या पदार्थात दर सेकंदाला कमी ऱ्हास होतात.

किरण पडले म्हणजे वस्तू किरणोत्सारी झाली असे समजणे

ही चूक परीक्षेपुरती राहत नाही, घरी जाते, आणि नाशिक जिल्ह्यात तर ती बाजारापर्यंत पोहोचते. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र 2002 पासून आहे. कोबाल्ट-60 मधून निघणाऱ्या गॅमा किरणांनी तिथे कांद्याला कोंब येणे थांबवता येते, आणि 2007 मध्ये अमेरिकेला पाठवलेल्या हापूसवरही तिथेच प्रक्रिया झाली होती. माझ्या वर्गात निफाड, चांदवड, येवला भागातली मुले असतात आणि त्यांच्या घरी कांदाचाळी असतात. त्यांपैकी एकाने वर्गात ठामपणे सांगितले की विकिरण केलेला कांदा चाळीत ठेवला तर तो शेजारच्या कांद्यालाही किरणोत्सारी करतो, आणि म्हणून त्याच्या घरच्यांनी तो कांदा वेगळा काढून ठेवला आहे. हा मुलगा केंद्रकीय अभिक्रियांच्या घटकात चांगले गुण मिळवणारा होता. पुस्तकातली ऊर्जा आणि चाळीतला कांदा यांची गाठ त्याच्या मनात कधी पडलीच नव्हती.

त्या दिवशीचा नियोजित तास बाजूला ठेवून आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. कोबाल्ट-60 चे दोन गॅमा किरण 1.17 आणि 1.33 एमईव्हीचे. एखादे स्थिर केंद्रक गॅमा किरणामुळे किरणोत्सारी व्हायचे, तर बहुतेक वेळा त्यातून न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन उखडला गेला पाहिजे. त्यासाठी नायट्रोजन-14 ला प्रोटॉनसाठी साडेसात आणि न्यूट्रॉनसाठी साडेदहा एमईव्ही लागतात, कार्बन-12 आणि ऑक्सिजन-16 ला त्याहून बरेच अधिक. कांद्यातील पाण्यात अत्यल्प प्रमाणात असलेला जड हायड्रोजन सर्वांत सैल बांधलेला, पण त्यालाही 2.22 एमईव्ही हवेत. कोबाल्टचा किरण तेवढाही नाही. किरण कांद्यातून जातो, इलेक्ट्रॉन मोकळे करतो, कोंबाच्या टोकाशी विभाजन पावणाऱ्या पेशींमधील डीएनए बिघडवतो आणि संपतो. कोबाल्ट स्वतः स्टेनलेस स्टीलच्या बंद नळ्यांमध्ये असते. कांद्याला त्याचा स्पर्शही होत नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. किरणोत्सारी धूळ किंवा द्रव अंगाला लागला, तर स्रोतच आपल्यासोबत येतो, आणि तो धुऊन काढावा लागतो. केवळ गॅमा किरण अंगावर पडले, तर त्यांचा परिणाम पेशींवर होतो, पण आपण दुसऱ्यासाठी स्रोत बनत नाही. मुले या दोन्हींना “रेडिएशन लागले” असे एकच नाव देतात आणि पुढचा सगळा विचार चुकतो. न्यूट्रॉनांची गोष्ट मात्र निराळी आहे: न्यूट्रॉन केंद्रकात सहज शिरतात आणि वस्तूला खरोखर किरणोत्सारी करतात, कोबाल्ट-60 सुद्धा अणुभट्टीत कोबाल्ट-59 ला न्यूट्रॉन देऊनच तयार होतो. म्हणून “किरणांनी काहीच किरणोत्सारी होत नाही” असे सरसकट विधानही लिहू नये. कोणता कण आणि किती ऊर्जेचा, हे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये.

मात्रेच्या एककांतही असाच गोंधळ असतो. बेकरेल म्हणजे स्रोतात दर सेकंदाला होणारे ऱ्हास, ग्रे म्हणजे पदार्थाच्या दर किलोग्रॅममध्ये शोषलेली एक जूल ऊर्जा. कोंब रोखण्यासाठी कांद्याला शंभर ग्रेच्या आतबाहेरची मात्रा पुरते. शंभर ग्रेने पाण्याचे तापमान एक अंशाच्या चाळिसाव्या भागाइतकेही वाढत नाही. म्हणजे ऊर्जेचे प्रमाण नगण्य, पण ती नेमक्या रेणूत पडते म्हणून परिणाम मोठा. माणसाच्या शरीराला दहा ग्रेही प्राणघातक ठरतात, हे विद्यार्थ्यांनी याच ठिकाणी समजून घ्यावे, नाहीतर “ऊर्जा थोडी म्हणून धोका थोडा” असा दुसरा चुकीचा निष्कर्ष ते काढतात.

शेतकऱ्याच्या मुलांना मी आणखी एक सांगतो, कारण ते पुस्तकात नसते. कांद्याची सुप्तावस्था संपून आतला कोंब वाढू लागला, की विकिरणाचा उपयोग कमी होतो. म्हणून ते काढणी आणि सुकवणीनंतर लवकर करावे लागते. शिवाय त्याने कोंब थांबतो, सड थांबत नाही. आणि कोबाल्टचा अर्धायुकाल 5.27 वर्षांचा असल्यामुळे तीन वर्षांनी स्रोताची तीव्रता सुमारे 67 टक्के राहते आणि तेवढ्याच मात्रेसाठी माल अधिक वेळ ठेवावा लागतो. हेच उदाहरण सरळ रेषेच्या प्रमाणाने सोडवणारे 72 टक्के लिहितात. ऱ्हास सरळ रेषेत होत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी गुण वाचतात.

गायगर-म्युलर नळीपुढची घाई

किरण मोजणाऱ्या या नळीचा आवाज जोरात आला म्हणजे किरण अधिक ऊर्जेचा आहे, असे जर्नलमध्ये लिहू नये. ही नळी कण आला एवढेच सांगते. त्याची ऊर्जा सांगत नाही. गॅमा किरणांपैकी तर साधारण शंभरात एखादाच ती टिपते. मोजणी फार वेगाने होत असेल, तर प्रत्येक स्पंदनानंतर नळी काही काळ आंधळी राहते हेही हिशेबात धरावे. हा मृतकाळ शंभर मायक्रोसेकंद असेल आणि सेकंदाला हजार मोजण्या दिसत असतील, तर खरा आकडा 1111 च्या आसपास असतो. बीटा स्रोताभोवती थेट शिसे ठेवणेही टाळावे, कारण वेगवान इलेक्ट्रॉन जड मूलद्रव्यात थांबताना क्ष-किरण निर्माण करतात. फॉस्फरस-32 सारख्या स्रोताला आधी सेंटिमीटरभर पर्स्पेक्स (पारदर्शक ॲक्रिलिक प्लास्टिक) ठेवावे आणि शिसे लागलेच तर त्याच्या बाहेर.

परंतु सर्वाधिक जर्नल बिघडतात ती बॅकग्राउंड मोजणी वजा न केल्यामुळे. स्रोत कपाटात असतानाही नळी वाजत असते. वरून वैश्विक किरण येतात, भिंतींतून आणि जमिनीतून पोटॅशियमचे आणि युरेनियम, थोरियम यांच्या मालिकांचे किरण येतात. आपल्याकडचा दख्खनचा बसाल्ट ग्रॅनाइटच्या तुलनेत या मूलद्रव्यांत गरीब आहे, पण बॅकग्राउंड शून्य कुठेच नसते. सीझियम-137 चे गॅमा किरण शिशाने अडवण्याचा प्रयोग घ्या. मोजणी निम्मी करणारी शिशाची जाडी (निम्मी जाडी) सुमारे साडेसहा मिलिमीटर आहे. स्रोताची मोजणी मिनिटाला 400 आणि बॅकग्राउंड 40 धरले, तर 26 मिलिमीटर शिशानंतर स्रोताचे 25 उरतात आणि यंत्रावर 65 दिसतात. जो विद्यार्थी 440 आणि 65 हेच आकडे आलेखात घालतो, त्याची निम्मी जाडी साडेनऊ मिलिमीटरच्या जवळ येते, आणि लॉगॅरिथमचा आलेख शेवटी सपाट होऊ लागतो. मग तो “मानवी चूक” असे लिहून मोकळा होतो. या शब्दांनी कोणतीही चूक समजावली जात नाही, आणि मी त्यांना गुण देत नाही.

वजा केल्यावरही घाई नडते. मोजणीतील अनिश्चितता मोजणीच्या वर्गमूळाइतकी असते. एका मिनिटात 65 आणि बॅकग्राउंड 40 मिळाले, तर फरक 25, पण त्याची अनिश्चितता 10. म्हणजे उत्तर चाळीस टक्क्यांनी इकडे-तिकडे. हीच दोन्ही मोजमापे पंचवीस-पंचवीस मिनिटे घेतली, तर फरक 625 आणि अनिश्चितता सुमारे 51, म्हणजे आठ टक्के. प्रयोगाच्या तासात एवढा वेळ मिळत नाही ही तक्रार मला मान्य नाही; पातळ शिशाची मोजमापे एका मिनिटात उरकता येतात आणि वाचलेला वेळ जाड शिशाला देता येतो, कारण अनिश्चितता तिथेच वाढते. बॅकग्राउंड मी प्रयोगाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा घ्यायला लावतो, प्रत्येक वेळी सर्वांत कमी मोजणी देणाऱ्या जाडीइतकाच वेळ देऊन. दोन्ही बॅकग्राउंड त्यांच्या वर्गमुळांच्या मर्यादेत जुळले नाहीत, तर मधल्या काळात कुणीतरी शेजारच्या टेबलावर दुसरा स्रोत उघडला आहे का, हे आधी पाहावे आणि मगच आलेखाचा कागद हातात घ्यावा.